आकृतीतून निसटलेली कडी

गेल्या हिवाळ्यात आधी जळगावला आणि नंतर धुळ्याला, कनिष्ठ महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांच्या दोन छोट्या कार्यशाळांना जाण्याचा योग आला. दोन्हीकडे आम्ही सुरुवात एकाच रीतीने केली. पुस्तक मिटून ठेवा आणि डीएनएच्या द्विगुणनाची आकृती आठवेल तशी फळ्यावर काढा, असे सांगितले. दोन्हीकडे आकृती एकच निघाली. इंग्रजी वाय अक्षरासारखा उकललेला दुपेडी धागा. बेचक्यात हेलिकेज नावाचा त्रिकोण. एका फांदीवर सलग बाण, दुसऱ्या फांदीवर उलट्या दिशेचे तुटक बाण. आणि बाणांच्या टोकांशी एकेक गोळा. गोळ्यावर लिहिलेले ‘डीएनए पॉलिमरेज’. शेजारी तक्ता: डावीकडे एन्झाइमचे नाव, उजवीकडे त्याचे काम.

आकृतीत खोटे असे काही नाही. आम्हीही तिच्यावरच शिकलो आणि पुढे बरीच वर्षे तीच काढून दाखवत आलो. पण धुळ्याला मागच्या बाकावरच्या एका शिक्षिकेने आपल्या वर्गातली हकीकत सांगितली. एका मुलाने तिला विचारले होते, “मॅडम, हा गोळा धाग्यावरून पडत का नाही?” तिने उत्तर दिले, “तो घट्ट चिकटलेला असतो.” मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “घट्ट चिकटला तर मग पुढे कसा सरकतो?” याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. पुस्तकातही नव्हते. “पुढच्या वर्षी कॉलेजात शिकाल,” असे सांगून तिने तास पुढे नेला होता, आणि ते तिच्या मनाला लागून राहिले होते.

त्या मुलाने आकृतीच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवले आहे. बाकीच्या उणिवा आपण वेळेअभावी, इयत्तेअभावी माफ करू. ही करू नये असे आम्हाला वाटते.

वेग एकीकडे, चित्र दुसरीकडे

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात ई. कोलाय या जीवाणूचा डीएनए ४६ लाख जोड्यांचा असल्याचे सांगून त्याच्या प्रतिकृतीचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २००० जोड्या असा दिला आहे. जीवाणूच्या गोल गुणसूत्रावर एका जागेपासून दोन दिशांना दोन बेचकी निघतात, म्हणजे प्रत्येक बेचक्याच्या वाट्याला सेकंदाला हजार आले. आता याच जीवाणूच्या मुख्य पॉलिमरेजचा नुसता गाभा, म्हणजे आकृतीतला गोळा, एकटाच परीक्षानळीत डीएनएवर सोडला तर काय होते? तो सेकंदाला वीसेक अक्षरे जोडतो, आणि दहा-वीस अक्षरे झाली की सुटून पाण्यात भरकटतो. पुन्हा येतो, पुन्हा चार अक्षरे, पुन्हा सुटतो.

हजार कुठे आणि वीस कुठे. पुस्तक वेग सांगते, आणि त्या वेगाने धावू न शकणारे यंत्र त्याच प्रकरणात काढून दाखवते. विद्यार्थी दोन्ही पाठ करतो. दोहोंत काही विसंगती आहे हे त्याला कुणी सांगत नाही, कारण आपल्यालाही ते कुणी सांगितलेले नसते.

अडचण मूळचीच आहे. पॉलिमरेजला दोन परस्परविरोधी गुण हवेत. धागा सैल धरला तर ते सुटणार. घट्ट धरला तर अडकणार. प्रत्येक अक्षर जोडले की ०.३४ नॅनोमीटरचे एक पाऊल पुढे टाकायचे आहे, आणि असे हजारो वेळा. मुलाच्या दोन्ही प्रश्नांत हाच पेच आहे. पेशीने त्यावर काढलेला तोडगा असा की धागा धरायचाच नाही. धाग्याभोवती एक कडी घालायची आणि पॉलिमरेजने कडीला धरायचे. कडी धाग्याला पकडत नाही, ती नुसती ओवलेली असते. म्हणून ती सरकू शकते, आणि ओवलेली आहे म्हणूनच निसटू शकत नाही.

हे आम्ही सांगत असताना धुळ्याच्याच एका शिक्षकांनी, जे स्वतः शेतात राहतात, मध्येच म्हटले, “म्हणजे आमच्या खळ्यातल्या कुत्र्यासारखं की!” दोन खांबांमध्ये तार ताणलेली, तारेत कडी, कडीला साखळी, साखळीला कुत्रा. कुत्रा सगळ्या खळ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, पण बाहेर जात नाही. आम्ही पडद्याच्या कड्यांचा दाखला तयार करून नेला होता तो तिथेच टाकून दिला. पडद्याची कडी कुणी ओढली तरच सरकते. इथे मात्र कामाचा जीव धावतो आणि कडी त्याच्याबरोबर जाते. पॉलिमरेजचे तसेच आहे. ते मधूनमधून धाग्यावरची पकड सोडते, पण कडीला बांधलेले असल्यामुळे दूर जात नाही, लगेच पुन्हा धरते.

यीस्टमधली कडी

जीवाणूतल्यापेक्षा यीस्टमधली गोष्ट वर्गात सांगावी असे आम्हाला वाटते. यीस्ट बेकरीतून आणता येते, गुळाच्या पाण्यात फसफसते, बाटलीच्या तोंडाला लावलेला फुगा फुगवते. मुलांनी ते पाहिलेले असते. शिवाय त्याला आपल्यासारखे केंद्रक आहे, गुणसूत्रे आहेत, आणि द्विगुणनाची त्याची यंत्रणा आपल्याशी जवळचे नाते सांगते.

यीस्टच्या कडीचे नाव पीसीएनए. २५८ अमिनो आम्लांचे एक प्रथिन, अशी तीन एकमेकांच्या शेपट्या धरल्यासारखी बसून कडी होते. ते घडवणाऱ्या जनुकाला पोल ३० म्हणतात. ते काढून टाकले तर यीस्ट जगत नाही. कडीचा बाहेरचा व्यास सुमारे ८ नॅनोमीटर, आतले भोक सुमारे ३.५ नॅनोमीटर, आणि त्यातून जाणारा डीएनएचा धागा २ नॅनोमीटर जाडीचा.

नॅनोमीटर म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून सगळे एक कोटी पटीने मोठे करून पाहू. डीएनए २ सेंटिमीटर जाडीचा दोर होईल. कडी मेदूवड्याएवढी, भोक जरा मोठे. एकेक अक्षर साडेतीन मिलिमीटरच्या आत बसेल. यीस्टच्या डीएनएत सुमारे १ कोटी २० लाख जोड्या आहेत, तेव्हा सगळ्या दोराची लांबी साधारण ४१ किलोमीटर. जळगावहून भुसावळला जाऊन परतीची निम्म्याहून अधिक वाट चालून यावे एवढी. हा दोर १६ तुकड्यांत आहे, तीच त्याची १६ गुणसूत्रे. याच मापाने जीवाणूचे बेचके सायकलच्या वेगाने जाते, तर यीस्टचे मिनिटाला पाच ते दहा मीटर, म्हणजे रांगत्या मुलाच्या चालीने. एनसीईआरटीच्या पुस्तकातला आकडा जीवाणूचा आहे, यीस्टचा किंवा आपला नव्हे, हेही या निमित्ताने सांगून टाकावे. इतक्या धीम्या चालीने एकाच जागेहून दोन दिशांना निघाले तर सगळा दोर नकलून व्हायला पन्नासेक तास लागतील. पोषक द्रावणात यीस्ट दीड तासात एकाची दोन होते. ते जमते, कारण नकलण्याचे काम सुमारे चारशे जागांहून सुरू होऊ शकते. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण जरूर द्यावे.

दोर २ सेंटिमीटरचा आणि भोक साडेतीनचे. मध्ये मोकळी जागा आहे, आणि तिथे पाणी आहे. कडीच्या आतल्या भिंतीवर धन विद्युतभार आहे, डीएनएवर ऋण. त्यामुळे थोडी ओढ असते, पण ती पकड नव्हे.

हे कळले कसे

कडी ही चित्रकाराची कल्पना नाही हे कशावरून? हा भाग आम्ही दोन्हीकडे मुद्दाम सावकाश सांगितला, कारण वर्गात सांगण्याजोगा प्रयोग असतो तो असा.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कला माइक ओ’डॉनेल आणि त्यांचे सहकारी ई. कोलायच्या बीटा नावाच्या प्रथिनावर काम करत होते. ते पॉलिमरेजला मदत करते एवढे ठाऊक होते. त्यांनी ते गोल डीएनएवर बसवले. ते तिथेच राहिले. मग त्यांनी त्या गोल डीएनएला एका ठिकाणी कात्री लावली. अक्षरे तीच, क्रम तोच, रसायन तेच. फरक इतकाच की आता धाग्याला दोन मोकळी टोके झाली. प्रथिन सुटून गेले. चिकटलेली वस्तू असती तर धागा गोल आहे की सरळ, याची तिला काय पर्वा? टोक सापडताच निसटणारी वस्तू ही ओवलेलीच असणार. प्रथिनाचा आकार डोळ्यांना दिसण्याआधीच, केवळ एका कापावरून, तो आकार कडीचा असल्याचे त्यांनी ओळखले.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्याच प्रथिनाचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना उकलण्यात आली. ओ’डॉनेल यांच्याबरोबर या कामात होते जॉन कुरियन. कॉलेजची पहिली दोन वर्षे मद्रास विद्यापीठात काढून ते अमेरिकेला गेले होते. रचना पाहिली तर खरोखरच कडी. १९९४ मध्ये यीस्टच्या पीसीएनएची रचना प्रसिद्ध झाली, तीही कडी. जीवाणूची कडी दोन भागांची, यीस्टची तीन भागांची. पण जीवाणूच्या प्रत्येक भागात तीन गाठोडी आणि यीस्टच्या प्रत्येक भागात दोन, म्हणजे दोन्हीकडे एकूण सहाच. अमिनो आम्लांच्या क्रमात मात्र दोहोंत साम्य जवळजवळ नाही. आकार जपला गेला, अक्षरे बदलून गेली.

ओ’डॉनेल यांचा प्रयोग वर्गात करायला सुतळी, बांगडी आणि कात्री पुरते. बांगडीत सुतळी ओवून तिची दोन टोके खिडकीच्या गजांना बांधा. बांगडी सरकते, निघत नाही. सुतळी मध्ये कापा, बांगडी खाली. शेजारी दुसऱ्या सुतळीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. तो निघत नाही, पण सरकतही नाही. मग त्याच चिमट्याला दोऱ्याने बांगडीशी बांधा आणि उघडमीट करत पुढे न्या. जळगावला एका शिक्षिकेने हातातली बांगडी काढून हे तिथल्या तिथे केले, आणि आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानापेक्षा ते अधिक लोकांना कळले.

नावाची फसवणूक

आता थोडे नावाविषयी. शास्त्रज्ञ या कडीला इंग्रजीत ‘स्लायडिंग क्लॅम्प’ म्हणतात. बारावीच्या नेहमीच्या आकृतीत ती नसली तरी प्रवेशपरीक्षांच्या काही नोट्समध्ये एका ओळीत भेटते: क्लॅम्प पॉलिमरेजला डीएनएवर घट्ट पकडून ठेवतो. पोरे ती ओळ पाठ करतात. पण जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या बागांत वाढलेल्या मुलाला क्लॅम्प म्हणजे काय हे आपण शिकवण्याची गरज नाही. ठिबकच्या, मोटारीच्या पाइपला स्क्रू आवळून बसवतात तो क्लॅम्प. तो सरकला तर पाणी गळते. म्हणजे सरकणे हा ज्याचा दोष, त्याच्याच नावाने आपण सरकण्यावर जगणारी वस्तू शिकवतो. मुलाचा गोंधळ होतो तो त्याला कमी समजते म्हणून नव्हे, तर क्लॅम्प त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगला ठाऊक असतो म्हणून. विज्ञान शाखेचे पुस्तक इंग्रजीत आणि समजावणी मराठीत, मधूनच अहिराणीत, अशा वर्गात शब्द असा चोरपावलांनी अर्थ बदलतो. आम्ही दोन्हीकडे ‘सरकती कडी’ म्हटले. शब्द पारिभाषिक कोशात शोभेल की नाही ते कोशकारांनी पाहावे.

पीसीएनए हे दुसरे नाव तर आणखीच निरुपयोगी. त्याचा अर्थ ‘वाढत्या पेशींच्या केंद्रकात सापडणारे प्रतिजन’. १९७८ मध्ये ल्युपस या आजाराच्या काही रुग्णांच्या रक्तात, स्वतःच्याच पेशींतल्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, आणि ते प्रथिन विभाजित होणाऱ्या पेशींतच ठळक दिसे. तिथून हे नाव आले. ते प्रथिन पॉलिमरेज डेल्टाचे साहाय्यक आहे हे कळायला १९८७ उजाडले. कुठे सापडले ते नाव सांगते, काय करते ते सांगत नाही.

तक्त्यात न बसणारे प्रथिन

खरा मुद्दा आता येतो. तीस वर्षे उलटून गेली तरी ही कडी आकृतीत का आली नाही? आमचा तर्क असा की दोष आकृतीचा नाही, शेजारच्या तक्त्याचा आहे. ‘एन्झाइम आणि त्याचे कार्य’ असा मथळा असलेल्या तक्त्यात कडीला जागा नाही, कारण ती एन्झाइम नाही. ती काही तोडत नाही, जोडत नाही, उलगडत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती काहीच करत नाही. ती नुसती असते, आणि तिच्या असण्यामुळे बाकीच्यांना काम करता येते. परीक्षेत ‘अमुकचे कार्य लिहा’ असा एका गुणाचा प्रश्न विचारायची सवय झाली की अशी वस्तू आपोआप गळते. अन् तिच्याबरोबर एक विचारही गळतो: पेशीत कामे होतात ती केवळ रसायनाच्या बळावर नव्हे, तर कोण कुणाच्या जवळ राहिले, कोण कशात ओवले गेले, यांवरही.

यीस्टमध्ये या कडीला लोंबकळणाऱ्यांची यादी लांबलचक आहे. पॉलिमरेज डेल्टा येते, आपली एक लहानशी शेपटी कडीवरच्या खोबणीत घालून. आधीच्या तुकड्याचे पुढे आलेले टोक छाटणारे प्रथिन येते, तशाच शेपटीने. शेवटी सांधा जुळवणारे लायगेज येते. खोबणी तीन आहेत, कारण कडीचे भाग तीन. उन्हातल्या अतिनील किरणांनी डीएनए बिघडला आणि पॉलिमरेज अडून बसले, तर कडीच्या १६४व्या अमिनो आम्लावर युबिक्विटिन नावाचे एक छोटे प्रथिन खुणेसारखे अडकवले जाते, आणि बिघाडावरून पुढे जाऊ शकणारे वेगळे पॉलिमरेज बोलावले जाते. हे २००२ मध्ये यीस्टवरच्याच कामातून कळले. भुसावळच्या मे महिन्यात हा दाखला द्यायला हरकत नाही.

सगळा भार कडीवरच आहे असेही म्हणू नये. यीस्टमध्ये आघाडीच्या, म्हणजे सलग बाणाच्या, धाग्यावर मुख्यतः पॉलिमरेज एप्सिलॉन काम करते. ते हेलिकेजच्या यंत्राशीच जोडलेले असल्याने कडीवाचून अगदीच निराधार होत नाही. कडीमुळे त्याचा वेग मात्र वाढतो. पिछाडीच्या, तुटक बाणांच्या धाग्यावर पॉलिमरेज डेल्टा असते, आणि त्याला कडीशिवाय गत्यंतर नाही. नेहमीच्या आकृतीत दोन्ही फांद्यांवर एकाच रंगाचा एकच गोळा असतो, त्यात हा फरक बुडतो.

कासाराचे काम

तारेतल्या कडीचा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो, आणि तो तसा पडतो म्हणूनच उपयोगी आहे. खळ्यात आपण आधी कडी ओवतो, मग तार खांबाला बांधतो. पेशीत धाग्याचे टोक हाताशी नाही. ते असते लाखो अक्षरे दूर. मग कडी घालायची कशी? उघडूनच. त्यासाठी वेगळे पाच भागांचे प्रथिनयंत्र आहे, आरएफसी. इंग्रजीत त्याला ‘क्लॅम्प लोडर’ म्हणतात. आमच्या डोळ्यांपुढे त्यामुळे वाळूचा ट्रक भरणारे यंत्र येते. त्याला कासार म्हणावे. हा कासार काचेच्या बांगड्या भरत नाही, फिरकीचे कडे घालतो: एटीपी घेऊन कडीला एका सांध्यावर उघडतो, जिथे प्रायमर संपतो नेमक्या त्या ठिकाणी धागा आत घेतो, आणि एटीपी खर्ची पडला की कडी मिटवून बाजूला होतो. यीस्टच्या कासाराची कडीसह रचना २००४ मध्ये आली. पाचही भाग डीएनएच्याच पिळाला जुळेल अशा मळसूत्री मांडणीत बसलेले त्यात दिसतात.

आता पिछाडीच्या धाग्याचा हिशोब मुलांकडून करून घ्या. जीवाणूत ओकाझाकी तुकडे हजार-दोन हजार अक्षरांचे असतात. यीस्टमध्ये जेमतेम १६५ च्या आसपास. १ कोटी २० लाखांना १६५ ने भागा. ७२ हजारांहून अधिक तुकडे येतात. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला एक कडी. म्हणजे बेकरीतल्या त्या एका पेशीला एकाची दोन होण्यासाठी सत्तर हजारांवर वेळा कडी उघडून घालावी लागते, आणि द्विगुणनाचा सगळा टप्पा अर्ध्या तासाच्या आसपास आटोपायचा असतो. आकृतीत दोन-तीन तुटक बाण काढून आपण ज्याला ‘वगैरे’ म्हणून सोडतो ते हे.

चित्रफितीही तपासून पाहाव्यात

कुणी म्हणेल, फळ्यावरची आकृती जुनी झाली, आता मोबाइलवर सुंदर चित्रफिती आहेत. त्यांतली सर्वांत गाजलेली ऑस्ट्रेलियातल्या ड्र्यू बेरी यांनी २००३ च्या सुमारास केलेली. जळगावला ती आम्ही दाखवली. धागा आत जातो, पिछाडीचा धागा फेर घेतो, तुकडे बाहेर पडतात. सभागृह दोन मिनिटे स्तब्ध. फळ्यावरच्या सपाट आकृतीपेक्षा ती कितीतरी सरस आहे. तरीही तिच्याविषयी आमची तक्रार आहे. तिच्यात काहीही चुकत नाही. सगळे जण एका तालात, कवायतीसारखे. पाण्याचे रेणू नाहीत, धक्काबुक्की नाही, कुणी सुटत नाही, कुणी थांबत नाही. आणि कुणी सुटतच नसेल, तर कडी हवी कशाला? चित्रफितीने कडीचे कारणच पुसून टाकले आहे.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टीफन कोवाल्चिकॉव्स्की यांच्या प्रयोगशाळेने ई. कोलायच्या यंत्रणेतला एकेक डीएनए धागा नकलला जाताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात कवायत नव्हती. पॉलिमरेज थांबत होते, पुन्हा निघत होते, वेग एकाएकी बदलत होता, आणि दोन धाग्यांवरची कामे एकमेकांची वाट पाहत नव्हती. यीस्टच्या बाबतीत केंब्रिजचे जो यीलीस आणि लंडनचे जॉन डिफ्ली यांनी शुद्ध केलेली प्रथिने एकत्र करून २०१५ मध्ये द्विगुणन परीक्षानळीत सुरू करून दाखवले. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की पेशीतल्याइतका वेग हवा असेल तर कडी आणि तिला घालणारा कासार तर लागतातच, शिवाय आणखी काही साहाय्यक प्रथिने लागतात. परीक्षानळीतून एकेक प्रथिन वगळून पाहण्याची ही रीत चित्रफितीपेक्षा अधिक शिकवते, कारण तिच्यात काहीतरी बिघडलेले दिसते.

जळगावच्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी आमच्यावर उलट टीका केली, आणि ती रास्त होती. “नावं आधीच काय कमी आहेत? तुम्ही म्हणता म्हणून पुस्तकात पीसीएनए, आरएफसी घातलं की पुढच्या वर्षी ते जोड्या लावामध्ये येईल. पोरं तेही पाठ करतील.” हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. म्हणून आम्ही नाव घालायचे म्हणतच नाही. गोळ्याच्या मागे, नव्या धाग्याभोवती, खडूने एक लहानसे वर्तुळ काढावे आणि त्याला नावच देऊ नये. मुले विचारतील, हे काय? मग बांगडी आणि सुतळी काढावी. ज्याला नाव नाही ते परीक्षेत विचारता येत नाही, आणि तेवढ्यापुरते ते समजून घेण्यासाठी मोकळे राहते. ज्येष्ठ सरांनी मान हलवली. पटले की नाही ते कळले नाही.

धुळ्याला शेवटी ती मागच्या बाकावरची शिक्षिका उभी राहिली. “सत्तर हजार कड्या घातल्या. मग काढतं कोण?” प्रश्न तिचा स्वतःचा होता, त्या मुलाचा नव्हे. यीस्टमध्ये हे काम एल्ग १ नावाचे प्रथिन करते, हे अ‍ॅबर्डीनच्या अ‍ॅन डोनाल्डसन यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले. दोन तुकड्यांमधला सांधा लायगेजने जुळवला की ते कडी उतरवते, त्याआधी नाही. ते नसेल तर कड्या धाग्यावरच साचत जातात आणि गुणसूत्रांत बिघाड वाढतात. आणि ते एकटे काम करत नाही: कासाराच्या पाच भागांपैकी चार तेच, मोठा पाचवा तेवढा बदलून त्याच्या जागी एल्ग १ बसते. तिने हे वहीत उतरवून घेतले, आणि सोमवारी त्या मुलाला आधी बांगडीचा प्रयोग दाखवणार, मग हा प्रश्न त्यालाच विचारणार, असे म्हणाली.